बारा हजारांत संसार मांडायचाय: कुठे पैसे घालावेत, कुठे स्वस्तातलं चालेल?

चाकणची_नवीन

नमस्कार. मी मूळची अहमदपूरची, जिल्हा लातूर. हे चाकणला कंपनीत कंत्राटावर आहेत, आजवर मित्रांसोबत खोली करून राहायचे. मुलगी यंदा पहिलीत जाणार, म्हणून आता आम्ही दोघीही येतोय. एक खोली आणि लहानसं स्वयंपाकघर भाड्यानं मिळालंय. हातात येणारा पगार १९ हजार, भाडं साडेसहा, गावी तीन हजार जातात. मी ब्लाउज, फॉल-पिको करते. मशीन गावाकडून आणणार आहे, पण नव्या ठिकाणी गिऱ्हाईक जमायला वेळ लागेल.

सामान घ्यायला माझ्या शिलाईचे साठवलेले १२ हजार आहेत, त्यापलीकडे काही नाही. शेगडी ह्यांच्याकडे आहे. लागणार आहे ते असं: कुकर, तवा, कढई, रोजची भांडी, मिक्सर, पंखा (मालकानं छताला नुसता हूक ठेवलाय), पांघरुणं, आंघोळीचं पाणी तापवायला काहीतरी, कपाट, मुलीचं दप्तर आणि बूट, ह्यांना रेनकोट.

ह्यांचं म्हणणं, मोबाइलवर सेल लागलाय. कुकर, तवा, कढई असा नॉनस्टिकचा सेट दीड हजारात, मिक्सर बाराशेत, पंखा हजारात. सगळं मिळून सात हजारांत बसतं आणि पाच हजार हातात राहतात. कंत्राट कधी संपेल याचा नेम नाही, तेव्हा पैसा हातात हवा. सासूबाई म्हणतात, चार वस्तू कमी घ्या, पण घ्याल त्या टिकल्या पाहिजेत. त्यांच्या सासूबाईंची पितळी पातेली अजून आमच्या घरात रोज चुलीवर चढतात, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन आहे. मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच अडलंय.

कापडातलं मला कळतं. शिवण उलटून पाहिली की कपडा किती धुण्यांना टिकेल ते सांगू शकते. विजेच्या वस्तूंचं मात्र बाहेरून काहीच समजत नाही. कोणती वस्तू चांगलीच घ्यावी, कोणती स्वस्तातली चालेल आणि कोणती जुनी घेतली तरी हरकत नाही, हे जाणकारांनी सांगावं.

कऱ्हाडची_मावशी

तो नॉनस्टिकचा सेट घेऊ नकोस बाळ. तुमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी होणार. मोठ्या आचेवर तापलेल्या तव्याला उलथणं लागत राहिलं की वरचा थर जायला लागतो, आणि थर गेलेलं भांडं कुणी पुन्हा नीट करून देत नाही. लोखंडी तवा घे, आठवडी बाजारात मिळेल. धिरड्यांना बिडाचा तवा फार छान, पण बीड हातातून पडलं तर तडकतं. एकच घ्यायचा तर लोखंडीच. धुतला की लगेच पुसायचा आणि तेलाचा हात फिरवायचा, गंज धरत नाही.

स्टीलची भांडी वजनावर घे, नगावर नको. दुकानदाराला सरळ विचार, ३०४ आहे की २०२? ३०४ मध्ये निकेल जास्त असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं. चुंबक लावून हे दोन ओळखता येत नाहीत, दोन्हींना तो सहसा धरत नाही. ताटं-वाट्या २०२ च्या घेतल्यास तरी चालतील. आमटी, चिंचेचं सार, ताक ज्यात राहणार ते पातेलं मात्र ३०४ चं घे.

आणि सासूबाईंकडून एक पितळी पातेलं मागून घे. कल्हई करून आण म्हणजे झालं. त्यांना बरं वाटेल आणि तुझे सात-आठशे वाचतील.

वाइंडिंग_मिरज

ताई, माझं मिरजेत मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी, वडिलांपासून हेच काम. तुम्ही शिवण उलटून बघता म्हणालात. विजेच्या वस्तूलाही तेच करायचं, उलटी करून बघायची.

मिक्सर उलटा केला की खाली चार स्क्रू दिसले पाहिजेत, साधा पेचकस लागेल असे. काही स्वस्त मिक्सरांचा तळ चिकटवलेला किंवा खाचेत दाबून बसवलेला असतो, तो उघडताना फुटतोच. तळाशी एक लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. भांड्यात जास्त भरलं, मोटारीवर ताण आला की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. थोडा वेळ थांबून दाबलं की पुन्हा चालू. ते बटण नसेल तर तो मिक्सर घेऊच नका. मग वर भांडं बसतं तिथला कपलर बघा, ती दातेरी चकती. चकती आधी तुटावी आणि मोटार वाचावी याचसाठी ती नरम बनवलेली असते, त्यामुळे ती कधी ना कधी तुटणार. नावाजलेल्या मिक्सरची चकती तीस-चाळीस रुपयांत कुठल्याही गावात मिळते. सेलमधल्या अनोळखी मिक्सरची चकती माझ्याकडे नसते, कोल्हापूरच्या होलसेलवाल्याकडेही नसते. चाळीस रुपयांच्या तुकड्यासाठी अख्खा मिक्सर माळ्यावर जातो.

बाराशेच्या मिक्सरमध्ये बऱ्याचदा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. ॲल्युमिनियमला सोल्डरचा डाग नीट धरत नाही, म्हणून जळालेली मोटार पुन्हा भरणं जवळपास अशक्य. तांब्याची भरून द्यायची तर माझी मजुरीच मिक्सरच्या किमतीएवढी होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! अशी वस्तू घेऊन येणारा माणूस बहुधा तुमच्यासारखाच, बेताच्या पगाराचा असतो. ज्याच्याकडे पैसे जास्त, त्याचा मिक्सर दुरुस्त होतो आणि ज्याच्याकडे कमी, त्याला मी हात हलवत परत पाठवतो. हे मला अजूनही सहन होत नाही, म्हणून एवढं लिहितोय.

सगळंच टिकाऊ घ्या असं बारा हजारांत कुणी सांगू नये. वस्तू बिघडल्यावर काय होईल, हे आधी विचारा. बादली फुटली तर शंभर-दीडशे गेले, दुसरं नुकसान नाही. ती स्वस्तातली घ्या. मिक्सर बिघडला तर दुरुस्त होईल असा घ्या. कुकर, पाणी तापवायचा रॉड आणि एक्स्टेंशन बोर्ड बिघडले तर माणसाला इजा होते. या तीन वस्तूंत पैसे वाचवू नका.

कुकरवर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली सीएम/एल असा क्रमांक हवाच. घरगुती कुकरला हा शिक्का १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, तरी बिनशिक्क्याचे सर्रास विकले जातात. सरकारचं बीआयएस केअर नावाचं मोबाइल ॲप आहे. त्यात तो क्रमांक घातला की कुणाचा परवाना आहे ते कळतं, दुकानात उभ्या उभ्या बघता येतं. तिघांना तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा पुरे, स्टीलचा हट्ट धरू नका. दरवर्षी रिंग बदला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा लावा.

रॉडचं जास्त सांगतो, कारण भाड्याच्या खोल्यांत तोच सर्रास असतो आणि तिथेच जास्त घात होतो. १५०० वॉटचा रॉड साडेसहा ॲम्पिअर ओढतो. छोट्या पिनचा सॉकेट सहा ॲम्पिअरचा. दोनशे रुपयांच्या रॉडला छोटी पिन लावलेली असते, म्हणून लोक तो मोबाइल चार्जरच्या बोर्डात खुपसतात. वायर तापते, पिन काळी पडते. आयएसआयचा, तीन जाड पिनांचा रॉड घ्या. तो १६ ॲम्पिअरच्या सॉकेटलाच लावा आणि खोलीला अर्थिंग आहे का ते मालकाला विचारा. नसेल तर रॉड घेऊच नका, गॅसवर पाणी तापवा. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, हे मुलीलाही शिकवा.

पंख्याचं थोडं वेगळं आहे. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास ओढतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, तीसच्या आसपास. बारा तास चालला तर दिवसाला अर्धा युनिट वाचतो, महिन्याला सोळा. युनिटला ८ रुपये धरले तर सव्वाशेच्या पुढे. मालक सबमीटर लावून जास्त दर घेत असेल तर आणखी वाचतात. दिसायला सौदा चांगला, पण त्यात सर्किटची पाटी असते. वॉरंटी संपल्यावर ती गेली तर खर्च मोठा आणि गल्लीतला वाइंडर ती दुरुस्त करेलच असं नाही. आज तुमच्याकडे अडीच हजार पंख्यात घालायला नाहीत. म्हणून माझा सल्ला: चाकणमधलं वाइंडिंगचं दुकान शोधा आणि पुन्हा भरलेला जुना पंखा मागा. लोक दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, असे पंखे आम्हा सगळ्यांकडे असतात. सहा-सातशेत तांब्याचं वाइंडिंग, नवा कपॅसिटर आणि सहा महिन्यांची हमी मिळते. हजारच्या नव्या, हलक्या पंख्यापेक्षा तो मी माझ्या बहिणीच्या घरात लावेन.

कंत्राटी_परभणी

वाइंडिंगवाल्या काकांचं कुकर-रॉडचं शंभर टक्के बरोबर. पण ताई, तुमच्या यजमानांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करू नका. मी रांजणगाव, सुपा, चाकण असा कंत्राटावर फिरलोय. कंत्राट संपलं की पुढचं काम मिळेपर्यंत भाडं चुकत नाही. आमच्या शेजारच्या जोडप्यानं सागवानी पलंग आणि मोठं कपाट घेतलं होतं. काम सुटल्यावर टेम्पोचं भाडं परवडेना, म्हणून दोन्ही मातीमोल भावात खोलीवरच विकून गेले. वस्तू चांगल्याच होत्या. त्या वस्तू सांभाळायला घर एका जागी राहायला हवं, ते आपल्या हातात नाही.

म्हणून कपाट घेऊच नका. ते भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं तर अजिबात नको. पावसाळ्यात फुगतं आणि एकदा खोलून पुन्हा जोडलं की स्क्रू धरत नाहीत. पत्र्याची मोठी पेटी घ्या, आपल्याकडे लग्नात देतात तशी. कपडे आत, वर चादर टाकली की बसायला होते आणि उद्या गावी जायचं झालं तर सोबत नेता येते. गादी कापसाची करा. फोमची दबली की टाकून द्यावी लागते, कापसाची पुन्हा पिंजून भरता येते.

पाच हजार जमलं तर हातात ठेवाच. पोरगी आजारी पडली तर शेकडा दहानं पैसे देणारे चाकणात पुष्कळ आहेत.

वाइंडिंग_मिरज

परभणीकर, पेटीचं एकदम पटलं. हातात पैसे ठेवा हेही मान्य. माझा आक्षेप सात हजारांतल्या त्या खरेदीवर आहे. त्यातला मिक्सर आणि पंखा वर्षा-दोन वर्षांत पुन्हा घ्यावा लागला, तर उरलेल्या पाच हजारांतलेच पैसे जाणार. थोड्या वस्तू घेऊनही पैसे हातात राहतातच की.

अंगणवाडी_जत

मी बचत गटाचा हिशोब बघते, म्हणून पैशाच्या बाजूनं सांगते.

सगळ्यात आधी शिलाई मशीनवर खर्च करा. तेलपाणी, नवा पट्टा, सुया, वरती एक चांगला एलईडी दिवा, तीन-चारशेत होईल. या यादीत पैसा आणणारी वस्तू तेवढी एकच आहे आणि ती यादीत लिहिलेलीच नाही!

मोठी वस्तू हप्त्यावर घेऊ नका. बिनव्याजी हप्ता म्हणतात त्यात प्रोसेसिंग फी असते, नाहीतर रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बँकांना बजावलं होतं. त्यापेक्षा इमारतीतल्या बायकांची भिशी असेल तर तीत शिरा, महिना तीनशेची. पण भिशी चालवणारी बाई ओळखीची झाल्यावरच.

प्रत्येक विजेच्या वस्तूचं पक्कं बिल घ्या. दुकानदारानं वॉरंटी नाकारली तर १९१५ वर फोन लावता येतो, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. कच्च्या चिठ्ठीवर तिथे काही धड होत नाही.

मुलीचे बूट स्वस्तातले घ्या. पहिलीतल्या मुलीचा पाय वर्षात वाढतो, टिकाऊ बूट आखूड होऊन पडून राहतात. तुमच्या ह्यांचा रेनकोट मात्र चांगला घ्या. भिजत कामावर गेले आणि ताप आला तर कंत्राटी माणसाची हजेरी कापली जाते.

सोलापूर_मागवाला

फक्त पांघरुणापुरतं लिहितो. सोलापुरी चादर घ्या, सुती, वजनदार. नव्या चादरीपेक्षा चार वर्षं धुतलेली अंगाला जास्त छान लागते. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच नावानं बाहेरची पॉलिस्टर मिसळलेली चादर रस्त्यावर खपवतात. काठाचा एक धागा ओढून काडीनं जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. तुम्ही शिवणकाम करता, तुम्हाला हे ठाऊक असेलच. फेरीवाल्यासमोर करून दाखवा, भाव लगेच उतरतो.

चाकणची_नवीन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ह्यांना सगळं वाचून दाखवलं. परभणीच्या दादांचं वाचताना म्हणाले, "बघ, मी काय सांगत होतो." रॉडचं वाचल्यावर मात्र उठून खोलीतला बोर्ड बघायला गेले. मोठ्या पिनचा सॉकेट एकच आहे, अर्थिंगचं मालकाला विचारणार आहेत.

मग आम्ही दोघांनी बसून असं ठरवलं. कुकर तीन लिटरचा, शिक्का बघून, तेराशेपर्यंत. लोखंडी तवा आणि ॲल्युमिनियमची कढई आठशे. पातेली-ताटं वजनावर, दीड हजार. पंखा जुना भरलेला, सातशे. रॉड साडेपाचशे, पण अर्थिंग असेल तरच. दोन सोलापुरी चादरी नऊशे. खाली अंथरायला सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवलीय, ती येतेय. बूट साडेतीनशे, रेनकोट हजार. मशीनवर चारशे. दप्तर मी स्वतः शिवणार. दुकानातल्या दप्तरांच्या पट्ट्याला एकच टीप असते, मी तिथे कापड दुहेरी घेऊन चौकट आणि फुली टीप मारेन, आणि चेन मोठ्या दातांची लावेन म्हणजे नुसता रनर बदलता येईल. कपाटाऐवजी गावाकडची माझ्या लग्नातली पेटी.

हे सगळं साडेसात हजारांच्या आसपास जातं. साडेचार हातात राहतात, त्यामुळे हे खूश.

मिक्सर आत्ता घेत नाही. गावाहून खलबत्ता आणते, शेंगदाण्याचा कूट आणि लसणाची चटणी त्यात होते. काळा मसाला वर्षाचा डंकावरून कुटून आणतो. दिवाळीत ब्लाउजांची कामं येतात, त्या पैशातून काकांनी सांगितला तसा, उलटा करून बघून घेईन. तेव्हा ५०० वॉटचा घ्यावा की ७५० चा? आणि जुना पंखा घेताना मी दुकानात काय काय तपासू? त्याखाली मुलगी झोपणार आहे, म्हणून जरा धास्ती वाटते.

वाइंडिंग_मिरज

तिघांना ५०० वॉटचा पुरे, तांब्याच्या वाइंडिंगचा असला म्हणजे झालं. त्यात हळकुंडं आणि सुकं अख्खं खोबरं घालू नका. पातं ज्यात फिरतं तो बुश त्यानंच जातो. डंकावर जाता ते उत्तम. ओलं वाटणही सलग पाच मिनिटांच्या वर चालवू नका, मध्ये मोटारीला गार होऊ द्या.

पंखा असा बघा. आधी वीज न लावता हातानं फिरवा. खरखर आवाज आला किंवा लगेच अडला तर बेअरिंग गेलंय, बदलून मागा. मग दुकानातच पंधरा-वीस मिनिटं फुल स्पीडवर चालवायला सांगा. बंद केल्यावर मधल्या बॉडीवर हात ठेवा. कोमट लागली तर ठीक, हात ठेववत नसेल तर तो पंखा नको. कपॅसिटर नवा हवा, त्यावर २.५ एमएफडी लिहिलेलं बघा. तिन्ही पाती एकाच पंख्याची आहेत ना ते विचारा. वेगवेगळी जोडली असतील तर पंखा हलतो.

तुमची धास्ती वाजवी आहे, म्हणून शेवटचं नीट वाचा. पंखा लटकतो त्या रॉडला वर आणि खाली एकेक बोल्ट असतो. दोन्ही बोल्टांना नटाच्या पुढे स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवलेली असली पाहिजेत. नट कंपनानं सैल होतो, पिन त्याला निसटू देत नाही. जुन्या पंख्यात ही पिन पुष्कळदा हरवलेली असते. दोन-चार रुपयांची वस्तू, पण तिच्याशिवाय पंखा घरी नेऊ नका. वरचा रबराचा बुशही चिरला असेल तर बदलून घ्या. छताचा हूक मालकाला एकदा हलवून बघायला सांगा, तो स्लॅबच्या सळीत अडकवलेला हवा, नंतर खिळा ठोकून बसवलेला नको. आणि बिलावर "कॉपर वाइंडिंग, सहा महिने हमी" असं दुकानदाराच्या सहीनं लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा.